चोडणला पक्षी केव्हा दिसतात आणि बाकीचा वेळ कुठे असतात

डिसेंबर-जानेवारीत गोव्यात हमखास कानावर येणारी तक्रार: “सलीम अली अभयारण्यात जाऊन आलो, पक्षीच नव्हते.” तक्रार करणारा बहुधा रविवारी निवांत न्याहारी आटोपून, अकराच्या सुमाराला रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीत चढलेला असतो. पलीकडे चोडण बेटावर उतरायचं, खारफुटीतल्या वाटेने चालायचं, दोन बगळे आणि एक खंड्या बघायचा आणि घामाघूम होऊन परत यायचं. हंगाम तर बरोबर होता, मग पक्षी गेले कुठे?

फार लांब गेलेच नव्हते. नदीच्या अल्याड-पल्याड कुठेतरी एका पायावर उभे राहून पाणी ओसरायची वाट बघत होते. चोडणला काय दिसेल हे नुसत्या महिन्यावरून ठरत नाही. महिना, तिथी आणि तास, तिन्ही जुळावी लागतात. आणि ती का जुळावी लागतात हे कळलं, की इथलं संरक्षणाचं काम अभयारण्याच्या कुंपणात का मावत नाही तेही कळतं.

आधी जागा बघू. मांडवी नदीतल्या चोडण बेटाचं पश्चिम टोक म्हणजे हे अभयारण्य. क्षेत्रफळ पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास. पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली १९८७ साली गेले आणि पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, त्यांच्या नावाने या पट्ट्याला संरक्षण मिळालं. देशातल्या अभयारण्यांच्या मानाने हा तुकडा अगदीच चिमुकला. तिवर, कांदळ, चिप्पी अशी खारफुटीची झाडं, त्यांच्यामधून आत शिरणारे नाले, आणि ओहोटीला उघडा पडणारा काळा चिखल. पर्यटक झाडं बघायला येतो, पण थंडीतले बहुतेक पाहुणे पक्षी येतात ते चिखलासाठी.

वर्षाचं चक्र

पावसाळ्यात मांडवी पुरती नदी असते. मे महिन्यात ती जवळजवळ समुद्र असते. जून ते सप्टेंबर सह्याद्रीवरून उतरणारा लोंढा इतका जोरदार असतो, की चोडणपाशी वरचं पाणी गोडं होऊन जातं. दिवाळीनंतर वरून येणारं पाणी आटत जातं आणि समुद्र हळूहळू आत सरकतो. उन्हाळ्यात भरतीचा परिणाम मुखापासून पन्नासेक किलोमीटर आत, थेट गांजेपर्यंत जाणवतो. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मांडवी आणि जुवारी या दोन्ही नद्यांचा या अंगाने बारकाईने अभ्यास केलेला आहे.

खारटपणाची ही उलथापालथ चिखलात राहणाऱ्या किड्यांना, कोळंबीच्या पिल्लांना, लहान शिंपल्यांना सोसावी लागते. पावसाळ्यात त्यांची संख्या घटते. पाऊस सरला, पाणी पुन्हा मचूळ झालं, की चिखल भरू लागतो. नेमक्या याच सुमाराला उत्तरेकडून पक्षी उतरू लागतात.

गणेशचतुर्थीच्या आसपास पहिले येतात ते तुतवार आणि चिखल्या. शेपटी सतत वरखाली करत पाण्याच्या कडेने एकटाच धावणारा करड्या पाठीचा पक्षी दिसला तर तो तुतवार. चिखल्या थव्याने असतात. त्यांतले कित्येक तिबेटच्या पठारावर पिल्लं वाढवून येतात. मग लाल पायांची टिलवा, तिची हिरव्या पायांची थोराड बहीण, खाली वाकलेल्या लांबलचक चोचीचा कुरल. काळ्या डोक्याचा, जांभळट निळ्या पाठीचा खंड्या हाही थंडीतलाच पाहुणा. मासे मारणारी मीनखाई घार ऑक्टोबरपासून नदीत रोवलेल्या खांबांवर बसलेली दिसू लागते. हे सगळे मध्य आशियाई उड्डाणमार्गाचे प्रवासी. सैबेरियापासून हिंदी महासागरापर्यंत, सुमारे तीस देशांवरून जाणारा हा मार्ग आहे.

एवढा खटाटोप कशासाठी? उत्तरेत उन्हाळा छोटा, पण दिवस लांबलचक आणि किड्यांचा सुकाळ, म्हणून पिल्लं तिकडे वाढवायची. मग जमीन गोठते. गोठलेल्या चिखलात चोच शिरत नाही, म्हणून इकडे यायचं. परतीच्या आधी, शिगम्याच्या, म्हणजे होळीच्या दिवसांत, यांचं एकच काम असतं: खाणं. काही जातींचं वजन परत जाण्यापूर्वी दीडपट होतं. ती सगळी चरबी म्हणजे वाटेतलं इंधन. मार्च-एप्रिलमध्ये नीट पाहिलंत तर करड्या, मळकट दिसणाऱ्या चिखल्यांच्या छातीवर तांबूस रंग चढू लागलेला दिसेल. तिकडे पोचेपर्यंत लग्नाचा पोशाख अंगावर चढलेला हवा ना.

आणि पावसाळ्यात? तेव्हा चोडण स्थानिकांचं. बगळे, ढोकरी, ब्राह्मणी घार, पाणकावळे. पश्चिम किनाऱ्यावर मोजक्याच ठिकाणी दिसणारा, गळ्याभोवती पांढरा पट्टा असलेला निळा-पांढरा खंड्याही इथला कायमचा रहिवासी. माझ्या मते चोडणची खरी मिरवण्यासारखी चीज तीच आहे, पण पाहुण्यांच्या गर्दीत त्याला कोणी विचारत नाही.

तिथी आणि तास

आता त्या अकरा वाजताच्या फेरीबोटीकडे येऊ.

गोव्याच्या किनाऱ्याला दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात. एक खोल, दुसरी उथळ. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. किनाऱ्यावरची जुनी माणसं यासाठी कोष्टक बघत नाहीत. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. नदीत आत शिरावं तसं थोडं मागेपुढे होतं, पण अंदाजाला हा हिशेब उत्तम चालतो.

म्हणजे पौर्णिमेच्या रविवारी अकरा वाजता चोडणला पोचलेला माणूस बरोबर भरतीच्या माथ्यावर पोचला. चिखल कंबरभर पाण्याखाली, आणि तुतवाराला पोहत जेवायची सवय नाही. तोच माणूस त्याच दिवशी संध्याकाळी चारनंतर आला असता, तर पाणी ओसरत असताना, एकेक फूट चिखल उघडा पडत असताना, थवेच्या थवे उतरताना त्याने बघितले असते. सकाळीच जायचं असेल तर द्वितीया ते चतुर्थी हे दिवस बरे. आठ-नऊच्या सुमाराला चिखल मोकळा मिळतो. शिवाय अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण असतं. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं, आणि एरवी कधीच न उघडणारा खालचा चिखलही उघडा पडतो. अष्टमीच्या भांगेला पाण्याची हालचालच कमी, तेव्हा जेवणाची जागाही आखूड.

यात एक गंमतीशीर पेच आहे. खारफुटीच्या नाल्यांतून होडीने फिरायचं तर भरती लागते. ओहोटीला होडी चिखलात रुतेल. त्यामुळे होडीवाला तुम्हाला नेईल ती वेळ आणि चिखलातले पक्षी दिसण्याची वेळ, या दोन्ही सहसा एक नसतात. होडीतून झाडावर बसलेले रातबगळे, खंड्ये, नशिबात असेल तर फांदीवर पसरलेला साप दिसेल. ते बघणंही मोलाचं आहे, फक्त आपण कशासाठी निघालोय ते आधी ठरवावं.

उघड्या चिखलावर बसलेला जमाव पहिल्यांदा बघणाऱ्याला सगळा एकसारखाच वाटतो. चोच बघा. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो पृष्ठभागावरचं काही हललं की धावतो, टिपतो, थांबतो. टिलवा मध्यम चोचीने वरच्या थरात टोचत जाते. कुरलाची चोच इतकी लांब आणि वाकडी, की खेकड्याच्या बिळात ती आतपर्यंत जाते. एकाच चिखलात प्रत्येकाचा मजला वेगळा, म्हणून दाटीवाटीने चरूनही भांडणं फारशी होत नाहीत. त्यांच्या मधूनच निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, उड्या मारत असतात, आणि एकच नांगी अवाढव्य असलेले लहान खेकडे ती नांगी हलवून माद्यांना खुणावत असतात.

भरतीला कुठे जातात?

लेखाचा खरा मुद्दा इथे आहे. चिखल बुडाला की हे पक्षी सहा तास झोपत नाहीत किंवा नदीवर घिरट्या घालत नाहीत. त्यांना थव्याने उभं राहायला कोरडी किंवा घोट्याएवढ्या पाण्याची उघडी जागा लागते. उघडीच लागते, कारण जवळ झाडं असली की त्यांच्या आडून ससाणा किंवा शिक्रा केव्हा येईल सांगता येत नाही. आणि गर्द खारफुटीत अशी उघडी जागा फारशी नसते. म्हणजे अभयारण्याची हद्द या पक्ष्यांना साधारण अर्धा दिवस पुरते. उरलेला अर्धा दिवस ते खाजनांत (नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतांत), बांधांवर आणि नदीपलीकडच्या मिठागरांत काढतात.

पणजीहून रायबंदरला जाताना जो लांबच लांब सरळ रस्ता लागतो, तो १६३३-३४ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयने बांधलेला पूलमार्ग. त्याच्या बाजूची मिठागरं आपण रोज बसच्या खिडकीतून बघतो. भरतीच्या वेळी तिथल्या वाफ्यांत थोडा वेळ दुर्बीण लावून बसा. चोडणला न दिसलेले पक्षी तिथे उभे असण्याची शक्यता चांगली.

खाजन हा प्रकार गोव्याबाहेरच्या वाचकाला थोडा समजावायला हवा. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या गावकऱ्यांनी नदीकाठची भरती-ओहोटीची जमीन बांध घालून शेतीत आणली. गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर जमीन आहे, आणि तिचा बराच भाग समुद्राच्या भरतीच्या पातळीखाली आहे. माती, चिखल, गवत आणि जांभा दगड यांचे बांध, आणि बांधात बसवलेली मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. झडपा अशा बसवतात की भरतीचं पाणी बाहेरून ढकलू लागलं की त्या आपोआप बंद होतात आणि ओहोटीला आतलं पाणी ढकलू लागलं की आपोआप उघडतात. वीज नाही, पंप नाही.

पावसाळ्यात पहिल्या सरी जमिनीतलं मीठ धुऊन नेतात आणि खारेपणा सोसणारं कोरगुट भात लावतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी झाली की मानशीतून मचूळ पाणी आत घेतात, आणि पुढचे काही महिने तिथे मासे नि सुंगटं, म्हणजे कोळंबी. रात्री ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ती धरायची. त्या मासेमारीचा हक्क गावात लिलावाने जातो.

आता वेळापत्रक बघा. पक्षी उतरतात तेव्हा शेतं नुकतीच कापलेली, उथळ पाण्याने भरलेली, आभाळाखाली उघडी. हे कोणी पक्ष्यांसाठी केलेलं नाही, भात आणि सुंगटांसाठी केलेलं आहे. पण परिणाम तोच. मिठागरांचंही तसंच. पाऊस ओसरल्यावर वाफे दुरुस्त करायचे, पाणी घ्यायचं, मे अखेरपर्यंत मीठ काढायचं. अख्खा स्थलांतराचा हंगाम त्यात येतो.

पाणमांजरांची गोष्टही बांधांशीच जोडलेली. चोडणला पाणमांजरांचे कळप आहेत. धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ ठरलेली ही जात. ती शिकार नाल्यात करतात, पण अंग घासायला, वाळायला आणि विष्ठेने आपली हद्द आखायला बांधावर येतात. माशांच्या काट्यांनी आणि खवल्यांनी भरलेली, उग्र वासाची विष्ठा बांधावर दिसली तर कळप जवळपास आहे असं समजावं. मानशीचं तोंड ही त्यांचीही आवडती जागा, त्यामुळे जाळी फाटतात आणि मासेमार वैतागतो. त्याचं वैतागणं खोटं नाही.

मगरींचंही तसंच. मांडवी आणि जुवारीला जोडणाऱ्या कुंभारजुवे कालव्यात मचूळ पाण्यात राहणाऱ्या मगरी आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ओहोटीला, ऊन चांगलं तापू लागलं की त्या चिखलाच्या काठावर पडलेल्या दिसतात. थंड रक्ताचा प्राणी, अंग तापवायला त्याला ऊन लागतं. म्हणून थंडीत मगर दिसते आणि उन्हाळ्यात पाण्यात राहते. बोरी-दुर्भाट भागात पौष अमावास्येला खाजन शेतकरी चिखलाची मगर करून पुजतात. मांगेथापणी म्हणतात त्याला. बांध राखणारी देवता म्हणून मगर, आणि बांध फुटला की शेत खलास, हा हिशेब त्या पूजेत आहे.

मग संरक्षण म्हणजे नेमकं काय करायचं?

सरकारी बाजू थोडक्यात. अभयारण्याला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. खारफुटी आणि चिखलमैदानं किनारी नियमन क्षेत्रातल्या सर्वांत कडक वर्गात येतात. वनखातं प्रवेश सांभाळतं, रोपं लावतं. गोव्यात खारफुटीचं क्षेत्र तीसेक चौरस किलोमीटरच्या घरात आहे. छोट्या राज्याच्या मानाने ते वाईट नाही, आणि नद्यांच्या काठी ती अजून पसरतेही आहे.

इथेच थोडं थांबायला हवं, कारण ‘खारफुटी वाढली’ ही बातमी दर वेळी चांगलीच असते असं मला वाटत नाही. खाजनाचा बांध फुटला आणि कोणी दुरुस्त केला नाही, की भरतीचं पाणी आत येतं, सोबत तिवराच्या बिया येतात, आणि काही वर्षांत भातशेताची खारफुटी होते. मग ती तोडायला कायद्याने बंदी. शेतकऱ्याचं शेत गेलं, पक्ष्यांची उघडी विश्रांतीची जागा गेली, आणि नकाशावर हिरवा रंग वाढला. तीच गोष्ट हौसेच्या वृक्षारोपणाची. उघड्या चिखलावर कांदळाची रोपं लावून फोटो काढले जातात. रोपं जगली तर चिखल्या आणि कुरलाचं जेवणाचं मैदान गेलं. जिथे खारफुटी होती आणि तुटली तिथे ती लावावी. रिकामा दिसणारा चिखल रिकामा नसतो.

बांध का फुटतात? जुनी व्यवस्था गावकरी संस्थेची, म्हणजे कोमुनिदादीची होती. बांधाची देखभाल तिच्या हिशेबात बसवलेली असे. १९६४ चा कूळ कायदा आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी जमीन कसणाऱ्याच्या हाती आली, ते न्यायाचंच झालं. पण बांधाची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली आणि सगळीकडे ती पेलली गेली नाही. त्यात खनिज वाहणाऱ्या बार्जेसच्या लाटांनी वर्षानुवर्षं काठ खाल्ले. शेतीत राम उरला नाही म्हणून घरची पोरं नोकरीला. काही ठिकाणी मानशीचा लिलाव घेणाराच मासळीच्या लोभाने खारं पाणी जास्त वेळ आत ठेवतो आणि शेत नापीक होतं. म्हणून माझ्या लेखी गोव्यातल्या पाणपक्ष्यांसाठी करण्यासारखं सर्वांत मोठं काम म्हणजे पावसाळ्यापूर्वी बांधाला माती लावणं आणि कुजलेल्या मानशीच्या फळ्या बदलणं. त्याचं उद्घाटन करायला कोणी येत नाही, हा भाग वेगळा.

दुसरं किचकट काम प्लास्टिकचं. तिवराची मुळं चिखलातून पेन्सिलीसारखी वर येतात, कारण चिखलात हवा नसते आणि झाड त्यांच्या छिद्रांतून श्वास घेतं. पावसाळ्यात नदीने आणलेल्या पिशव्या याच मुळांवर अडकतात आणि त्यांना झाकतात. यंत्र तिथे चालत नाही. पाऊस संपल्यावर, ओहोटीच्या दोन-तीन तासांत, गुडघाभर चिखलात उतरून हाताने काढावं लागतं.

तिसरं मोजणीचं. १९८७ पासून दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते आणि गोव्यातले पक्षीनिरीक्षकही त्यात उतरतात. जानेवारीच का? तेव्हा येणारे येऊन स्थिरावलेले असतात आणि जाणारे अजून निघालेले नसतात, त्यामुळे एकच थवा दोन ठिकाणी मोजला जाण्याचा धोका कमी. इथेही भरतीचा उपयोग होतो. चिखलावर पांगलेले पक्षी मोजणं कठीण, भरतीला मिठागरात एकत्र उभे राहिलेले सोपं.

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग या कासवांच्या किनाऱ्यांवरचं काम थोडं वेगळ्या घाटाचं आहे. साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालते, पहारेकरी घरटं राखतात किंवा अंडी कुंपणात हलवतात, पन्नासेक दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत हे चारही किनारे नावानिशी आहेत. तिथे शत्रू आहे तो शॅकचा आणि रस्त्याचा उजेड. पिल्लं समुद्राच्या चमकेकडे जायची ती दिव्याकडे वळतात.

चोडणला जाणाऱ्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पंचांग बघून दिवस काढा आणि ओहोटीच्या दोन तास आधी पोचा. पूर्ण ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेने लांब सरकलेले असतात. थवा तुमच्यामुळे उडाला तर तुम्ही फार जवळ गेलात. विशेषतः मार्च-एप्रिलमध्ये, कारण दर उड्डाणाला प्रवासासाठी साठवलेली चरबी खर्ची पडते. मोबाइलवर पक्ष्यांचा आवाज वाजवून त्यांना बाहेर बोलावू नका. बांधावरून चालताना आधी शेतात कोणी असेल तर विचारा, वाट त्यांची आहे. आणि एखाद्या चिखल्याच्या पायात रंगीत पट्टी किंवा झेंडी दिसली, तर तिचा रंग, तिच्यावरची अक्षरं, कोणत्या पायात आणि गुडघ्याच्या वर की खाली, एवढं टिपून शक्य तर फोटोसह मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. तो पक्षी कुठे आणि केव्हा पकडून सोडला होता, हे त्या नोंदीवरून सापडू शकतं.